तिसऱ्या रविवारची मेणबत्ती

समुद्र आणि खाडी यांच्यामध्ये अडकलेल्या एका चिंचोळ्या जमिनीवर, जुन्या काळी, केळीच्या वाड्यांचं एक गाव होतं. गावाच्या एका अंगाला लाटा आणि दुसऱ्या अंगाला खाडीचा चिखल. मधोमध पांढऱ्या भिंतींचं एक लहानसं चर्च. त्याची घंटा वाजली की वाड्यांत पाणी शिंपणारी माणसं हातातलं काम थांबवून कपाळावर क्रूसाची खूण करत.

नाताळच्या आधीचे चार रविवार त्या गावात मोठ्या मानाचे. त्या दिवसांना तिथे आगमनकाळ म्हणत. येणाऱ्या बाळाची वाट पाहण्याचे ते दिवस. वेदीजवळ हिरव्या पाल्याचं एक गोल कडं ठेवलं जाई आणि त्यात चार मेणबत्त्या उभ्या असत. दर रविवारी एक पेटवायची. पहिली आशेची, दुसरी शांतीची, तिसरी आनंदाची आणि चौथी प्रेमाची. त्यांतली तिसरी तेवढी गुलाबी.

ही गुलाबी मेणबत्ती गावातल्या गरोदर बाईने पेटवायची, अशी तिथली रीत होती. ती कोणी घालून दिली, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हातारी माणसं एवढंच म्हणत, "वाट पाहणं म्हणजे काय, ते पोटुशी बाईला विचारावं. आपल्याला काय कळतंय?"

त्या वर्षी मात्र गावात पंचाईत झाली होती. पहिला रविवार गेला, दुसरा जवळ आला, तरी कोणत्याच घरातून गोड बातमी नव्हती. बायका विहिरीवर एकमेकींना विचारत, "यंदा गुलाबी मेणबत्ती कोण लावणार गं?"

त्यांना माहीत नव्हतं, की गावाच्या अगदी टोकाला, माडांच्या पलीकडे, एका घराच्या मागच्या खोलीत एक बाई बसलेली होती आणि तिचे दिवस भरत आले होते.

तिचं नाव जुस्तीन. तिचा नवरा पास्कू केळीची वाडी करायचा. घरात तिसरं माणूस म्हणजे सासू, रेमेतबाय. ती कडक होती, कामाला वाघ होती, आणि सुनेवर तिचा जीव होता. पण त्या घरात आता कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. खिडक्या दिवसाही लावलेल्या असत. जुस्तीन कुठे आहे, असं कोणी विचारलं तर रेमेतबाय उंबऱ्यातूनच सांगायची, "माहेरी गेलीय. बापाची तब्येत बरी नाही."

हे खोटं तिने वाईट हेतूने सांगितलेलं नव्हतं. ती घाबरलेली होती.

जुस्तीन याआधी दोनदा गरोदर राहिली होती. पहिल्या वेळी सगळ्या गावाला सांगून झालं होतं. पाळणा माळ्यावरून खाली काढला होता. तिसऱ्या रविवारी जुस्तीनने हसत हसत गुलाबी मेणबत्ती पेटवली होती. आणि नाताळनंतर बाळ जन्मलं ते श्वास न घेताच. दुसऱ्या वेळी रेमेतबाय सावध झाली. कोणाला कळू दिलं नाही, चर्चमध्ये जाऊ दिलं नाही. तरी दिवस भरायच्या आधीच कळा आल्या. ते बाळ सकाळी जन्मलं आणि दिवेलागणीच्या आधी गेलं. दोन्ही वेळा पास्कूने स्वतःच्या हाताने दफनभूमीच्या कोपऱ्यात खड्डा खणला.

तिसऱ्यांदा दिवस गेल्याचं कळलं तेव्हा रेमेतबायने सुनेला जवळ बसवलं.

"हे बघ पोरी," ती हळू आवाजात म्हणाली, "या वेळी शब्द काढायचा नाही. शेजारणीला नाही, फादरला नाही, भिंतीलासुद्धा नाही. झबलं शिवायचं नाही. नाव ठरवायचं नाही. आनंद करायचा नाही. आपल्या घरात आनंद दिसला की तो हिसकावून न्यायला कोणीतरी येतं."

"कोण येतं, आई?"

"मला काय ठाऊक? पण येतं."

जुस्तीनने मान हलवली. तिलाही तसंच वाटत होतं.

मग भीती त्या घरात राहायलाच आली. जुस्तीन सकाळी डोळे उघडायची ती पोटावर हात ठेवूनच. बाळ हललं की तिला धस्स व्हायचं, हे शेवटचं तर नव्हे? नाही हललं की ती श्वास रोखून पडून राहायची. पाय घसरेल म्हणून ती मोरीत जपून जायची, उचकी लागली तरी दचकायची. पास्कू वाडीतून आला की आधी तिच्या चेहऱ्याकडे बघायचा, मग खाली बघायचा. विचारायचं धाडस त्याला व्हायचं नाही. रेमेतबाय तर सुनेच्या पोटाकडे नजरसुद्धा टाकायची नाही. ताट वाढताना ती तोंड फिरवून वाढायची.

सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे प्रार्थना. जुस्तीन जपमाळ हातात घ्यायची आणि मणी सरकवत राहायची, पण बाळासाठी काही मागायला तिची जीभ उचलायची नाही. मागितलं आणि दिलं नाही तर? त्यापेक्षा न मागितलेलं बरं, असं तिला वाटायचं.

संध्याकाळी चर्चमधून नाताळच्या गाण्यांची तालीम ऐकू यायची. पोरं चुकायची, हसायची, पुन्हा सुरू करायची. जुस्तीन कानांवर उशी धरून बसायची.

दुसरा रविवार झाला आणि तिला आणखी एका भीतीने घेरलं. पोटात एका कुशीला काहीतरी टणक गोळ्यासारखं लागायचं, आणि ढुशा बसायच्या त्या दुसऱ्या कुशीला. वर नाही, खाली नाही. मागच्या दोन्ही वेळा असं झालं नव्हतं.

"आई," ती एके दिवशी सासूला म्हणाली, "बाळ आडवं असल्यासारखं वाटतं. बुधीबाईला बोलवू या का?"

बुधीबाई म्हणजे खाडीपलीकडच्या पाड्यावरची सुईण. आसपासच्या गावांतली निम्मी माणसं तिच्याच हातावर जन्मलेली.

रेमेतबायचा चेहरा पांढरा पडला. "बुधी होडीतून उतरली की सगळं गाव विचारेल, कोणाकडे चाललीस? मग?"

"पण आई, खरंच काही असलं तर..."

"काही नाहीय. बोलू नकोस. बोललं की होतं."

रात्री जेवताना जुस्तीनने नवऱ्याकडे पाहिलं. पास्कू भात चिवडत राहिला. मग म्हणाला, "आईला जास्त कळतं." पण हे म्हणून तो ताट अर्धवट टाकून उठला.

तिसऱ्या रविवारच्या आधी फादर घरोघरी आशीर्वाद द्यायला फिरत. ते या घरीही आले. रेमेतबाय दार अर्धवट धरून उभी राहिली. आतल्या खोलीत जुस्तीन भिंतीला चिकटून ऐकत होती.

"सून आली नाही अजून?" फादरांनी विचारलं.

"नाही, फादर."

"तिला सांग, तिची आठवण काढली." फादर म्हणाले. "यंदा गुलाबी मेणबत्ती लावायला कोणी नाही, रेमेतबाय. माझ्या आठवणीत असं पहिल्यांदाच होतंय. मी म्हटलं, नुसतीच ठेवू. न पेटवता."

"हं."

"लोक म्हणतात, फादर, तुम्हीच लावा. पण मला धीर होत नाही. आनंदाची मेणबत्ती उसनी कशी लावायची?" ते हसले, तांब्यातलं पवित्र पाणी उंबऱ्यावर शिंपडलं आणि निघून गेले.

रेमेतबायने दार लावलं आणि कडी घातली. आतल्या खोलीत जुस्तीन तशीच उभी होती. तिच्या मनात काहीतरी सुरू झालं होतं आणि ते थांबत नव्हतं. दोन दिवस गेले. जेवली, निजली, उठली, पण तिचं लक्ष कशातच नव्हतं.

रविवारी सकाळी पहिली घंटा झाली. रेमेतबाय चर्चला जायचं लुगडं नेसून बाहेर आली, तर जुस्तीन दारापाशी उभी. तिने केस विंचरले होते. अंगावर लग्नातली पांढरी चादर शालीसारखी घेतली होती. तिच्या कपाळावर घाम होता.

"मी चर्चमध्ये येते, आई," ती म्हणाली.

रेमेतबाय दाराला पाठ लावून उभी राहिली. "वेड लागलं तुला?"

"मी मेणबत्ती लावणार आहे."

"मागे लावलीस ना? विसरलीस काय झालं ते?"

"नाही विसरले." जुस्तीन जागची हलली नाही. "लावली तेव्हा बाळ गेलं. मग दुसऱ्या वेळी नाही लावली, लपून बसले, तरी गेलं. मग यात मेणबत्तीचा काय दोष, आई?"

सासूने दाराची कडी आणखी घट्ट धरली.

"एक सांगू?" जुस्तीन म्हणाली. "पहिलं बाळ गेलं, पण त्याच्या आठवणी आहेत माझ्याकडे. आपण दोघींनी मिळून शिवलेली दुपटी आठवतात. यांनी पाळण्याला रंग दिला तो आठवतो. तुम्ही विहिरीवर सगळ्यांना सांगत सुटला होता, ते आठवतं. त्याच्याबरोबर मी हसले होते. दुसऱ्याची मात्र एकही आठवण नाही. नुसती भीती आठवते. ते इतके महिने माझ्यासोबत होतं की नव्हतं, हेच मला कळलं नाही. हेही जर जाणार असेल, तर आई, याला असं पाठवू नका. याच्यासाठी कोणी एकदा तरी आनंद केला होता, एवढं तरी याला मिळू द्या."

पास्कू मागे येऊन उभा राहिला होता. त्याने तोंडावर हात धरला.

रेमेतबायची पाठ दारावरून हळूहळू खाली घसरली आणि ती उंबऱ्यात बसली.

"पास्कूच्या आधी मला मुलगी झाली होती," ती म्हणाली. पास्कूने चमकून आईकडे पाहिलं. हे त्याने आजवर ऐकलं नव्हतं. "मी सगळ्या गावाला लाडू वाटले होते. आधीच. माझ्या सासूने नको म्हटलं होतं. मुलगी आठ दिवस जगली. सासू म्हणाली, तूच घालवलीस. हसून घालवलीस."

जुस्तीन मोठ्या कष्टाने तिच्याशेजारी खाली बसली. "तिचं नाव काय होतं, आई?"

इतक्या वर्षांत ते नाव रेमेतबायने उच्चारलं नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "तेरेज."

दुसरी घंटा झाली. रेमेतबाय उठली आणि बाजूला सरकली. "जा," ती म्हणाली. "मला नाही बघवणार. पण तू जा."

जुस्तीन निघाली. पास्कूने तिचा दंड धरला होता. चर्चपर्यंतची वाट रोजचीच, पण तिला ती संपता संपेना. माडांच्या झावळ्या हलल्या तरी ती दचकत होती. कोणीतरी मागून येतंय, असं तिला वाटायचं, आणि ती वळून बघायची. मागे कोणीच नव्हतं. एकदा तर ती थांबली आणि म्हणाली, "परत जाऊ या का हो?"

पास्कू म्हणाला, "तू म्हणशील तसं."

ती पुन्हा चालू लागली.

मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, सुरू झाली होती. ती आत शिरली तशी मागच्या बाकावरची माणसं वळली, मग त्यांच्या पुढची, मग त्यांच्याही पुढची. गाणं मध्येच थांबलं. कोणी हसलं नाही. बायकांनी तिच्या पोटाकडे पाहिलं आणि त्यांचे चेहरे उतरले. दोन्ही वेळची हकीकत सगळ्यांना ठाऊक होती. एक म्हातारी तर घाईने क्रूसाची खूण करू लागली. त्या क्षणी सगळं चर्च जुस्तीनइतकंच घाबरलेलं होतं.

जुस्तीन वेदीपाशी गेली आणि फादरांनी पेटती काडी तिच्या हातात दिली. ते हलकेच म्हणाले, "मरियासुद्धा घाबरली होती, पोरी. घाबरूनच देवदूताला हो म्हणाली."

जुस्तीनने हात पुढे केला. हात इतका थरथरत होता की ज्योत वातीला लागेना. पहिल्यांदा हुकली. दुसऱ्यांदा विझली. विझलेल्या काडीचा धूर वर जाताना सगळ्यांनी पाहिला, आणि प्रत्येकाच्या मनात एकच वाईट विचार आला.

तेवढ्यात पहिल्या बाकावरची फिलूमावशी उठली. ती जुस्तीनची जवळची शेजारीण. तिने दुसरी काडी पेटवली, जुस्तीनच्या हातात दिली आणि तिचा कोपर खालून घट्ट धरला.

"लाव," ती म्हणाली. "मी धरलाय."

मेणबत्ती पेटली.

जुस्तीनला वाटलं होतं, आता भीती जाईल. ती गेली नाही. पण इतके महिने ती खोलीत एकटी घाबरत होती, आता सगळं गाव तिच्याबरोबर घाबरत होतं. तिला तिथेच हुंदका फुटला. रडता रडता तिने पोटावर हात ठेवला आणि पहिल्यांदाच मनातल्या मनात म्हणाली, देवा, हे मला दे.

मिस्सा सुटली आणि बायकांनी तिला वेढा घातला. फिलूमावशी तर रागावलीच होती. "माहेरी गेलीय म्हणे! दोन घरं सोडून राहते मी, आणि मला कळू नये? कितवा महिना? बुधीला दाखवलंस? नाही? अगं काय बायका तुम्ही!"

तिने कोणाला विचारलं नाही. तशीच खाडीकडे गेली आणि पहिली मिळेल ती होडी पलीकडे पाठवली.

बुधीबाई दुपारी आली. काळीसावळी, बारीक, हातात काचेच्या बांगड्या. तिने जुस्तीनला आडवं केलं, तळहात गरम करून पोटावर ठेवले आणि डोळे मिटले. तिचे हात एका कुशीवर गेले, मग दुसऱ्या कुशीवर, मग खाली. पुन्हा पहिल्या कुशीवर. रेमेतबाय कोपऱ्यात उभी होती, भिंतीकडे तोंड करून.

बुधीबाईने डोळे उघडले. "आडवं हाय," ती म्हणाली. "डोकं इकडं, पाय तिकडं. आन पोट घट्ट व्हायला लागलंय. माझ्या हाताला हे जमायचं नाय. इथं कळा लागल्या तर दोघंबी जातील. आत्ताच्या आत्ता शहरात न्या. मिशनच्या दवाखान्यात. तिथं पोट कापून काढतात."

रेमेतबायने किंकाळी फोडली. "बघितलंस! सांगितलं होतं मी! आज आनंद केला आणि आजच..."

बुधीबाई उठून तिच्याकडे गेली आणि तिचे खांदे धरून तिला वळवलं. "बाय, ऐक. पोर आज आडवं नाय झालं. लई दिवसांपासून तसंच हाय. आज फकस्त आपल्याला कळलं. नसतं कळलं तर?"

दुसऱ्या रविवारनंतर सून काय म्हणाली होती, ते रेमेतबायला आठवलं. आपण काय उत्तर दिलं होतं, तेही आठवलं. इतकी वर्षं ती बाहेरून येणाऱ्या कोणाला तरी घाबरत होती. आणि दाराला कडी घालून या दोन जिवांना मरणाजवळ ढकलत होती ती स्वतःच. ती मटकन खाली बसली. मग तितक्याच झटक्याने उठली.

"होडी कोणाची आहे?" ती म्हणाली. "मी येते."

शहर खाडीच्या पलीकडे, वरच्या अंगाला. पूल नव्हता. होडीत जुस्तीनला पेंढ्यावर निजवलं. बुधीबाई पायाशी बसली, रेमेतबायने सुनेचं डोकं मांडीवर घेतलं आणि पास्कूने दुसऱ्या एकाबरोबर वल्ही धरली. काठावर निम्मं गाव जमलं होतं.

ओहोटी लागली होती. निघाले तेव्हा पाणी पुरेसं वाटत होतं, पण ते डोळ्यांदेखत उतरत होतं. वळणावर चिखलाचा एक मोठा उंचवटा होता. तिथे होडीचा तळ घासला, होडी पुढे जरा सरकली आणि रुतून बसली.

नेमकी तेव्हाच जुस्तीनला पहिली कळ आली.

ती ओरडली नाही. तिने सासूचा हात धरला आणि तिच्याकडे पाहिलं. रेमेतबायला त्या नजरेत सगळं कळलं. बुधीबाई म्हणाली, "श्वास घे. ढकलू नको. काय बी झालं तरी ढकलू नको."

पास्कू चिखलात उतरला. मांडीपर्यंत रुतला. त्याने खांदा लावला, पण होडी हलेना. त्याने गावाच्या दिशेने जिवाच्या आकांताने हाक मारली. वारा उलटा होता. हाक पोचेल की नाही, कोणाला ठाऊक. दुसरी कळ आली. पाणी आणखी उतरलं.

तेव्हा रेमेतबायने आकाशाकडे पाहिलं. तेरेज गेल्यापासून तिने देवाकडे काही मागितलं नव्हतं. ती मिस्सेला जायची, गुडघे टेकायची आणि तशीच उठून यायची. आता ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "देवा, मला हे मूल पाहिजे. आणि मला ही सूनही पाहिजे. ऐकलंस? मला दोघं पाहिजेत!"

काठाने माणसं धावत येताना दिसली. होडी वळणावर अडखळलेली त्यांनी काठावरूनच पाहिली होती. जाळी विणायची टाकून कोळी आले, वाडीतली माणसं आली, फादर झगा कमरेला खोचून आले. सगळे चिखलात उतरले. कोणाच्या चपला राहिल्या, कोणी तोंडावर पडलं. एका सुरात जोर लावून त्यांनी होडी उंचवट्यावरून उचलली आणि पलीकडच्या पाण्यात लोटली.

दवाखान्यातल्या सिस्टरांनी जुस्तीनला पाहिलं आणि काही न विचारता आत नेलं. दार बंद झालं.

बाहेरच्या बाकावर पास्कू, रेमेतबाय आणि बुधीबाई बसून राहिले. पास्कूच्या अंगावरचा चिखल वाळून तडकू लागला. आतून भांड्यांचा आवाज आला, मग तोही थांबला. मूल रडल्याचा आवाज काही येईना. दार उघडलं आणि एक सिस्टर हातात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन पळत पळत समोरच्या खोलीत गेली. तिने यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पास्कूने डोळे मिटून घेतले. ही शांतता त्याच्या ओळखीची होती.

मग त्या समोरच्या खोलीतून एक बारीक, चिरका आवाज आला. मांजराच्या पिल्लासारखा. थांबला. पुन्हा आला.

बुधीबाई म्हणाली, "रडतंय." आणि ती स्वतःच रडू लागली.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्या थकलेल्या होत्या. "आई वाचली आहे," त्या म्हणाल्या. "मुलगी आहे. फार लहान आहे, अशक्त आहे. आणखी थोडा उशीर झाला असता तर मला दोघींसाठीही काही करता आलं नसतं."

पुढचे दिवस सोपे नव्हते. मुलीला कापसात गुंडाळून ठेवलं होतं. ती नीट दूध ओढत नव्हती. कधी श्वास घ्यायची विसरायची आणि सिस्टर तिच्या तळव्याला टिचकी मारायच्या. रेमेतबाय रोज विचारायची, "जगेल ना?" सिस्टर कसलंच वचन देत नसत. म्हणत, "आज आहे ना, बाय? आजचा आनंद करा."

आणि रेमेतबाय तो करू लागली. झाडलोट करणाऱ्या बाईला, फाटकावरच्या पहारेकऱ्याला, औषधाच्या रांगेतल्या अनोळखी माणसांना ती थांबवून सांगायची, "मी आजी झाले. मुलगी झाली. आत आहे, एवढीशी आहे." सांगताना तिचा आवाज दर वेळी भीतीने कापायचा, पण ती सांगायची थांबली नाही. लोक हसायचे. कोणी मुलीसाठी प्रार्थना करीन म्हणायचं, कोणी नवस बोलायचं. एका म्हाताऱ्याने तर पेरूच आणून दिला.

नाताळ त्यांनी दवाखान्यातच केला.

त्या सकाळी पहिल्यांदा मुलीला आईच्या कुशीत दिलं. जुस्तीन तिच्याकडे पाहत राहिली. रेमेतबाय खाटेच्या कडेला टेकली आणि म्हणाली, "आता गेली ना गं भीती?"

जुस्तीनने मान हलवली. "नाही आई. आता तर जास्तच वाटते."

"मलासुद्धा," रेमेतबाय म्हणाली.

एवढ्यात मुलीने नाक आक्रसलं, आणि तिला एक शिंक आली. एवढ्याशा जिवाची एवढीशी शिंक. पण त्या दोघी अशा दचकल्या की रेमेतबाय खाटेवरून घसरली आणि जुस्तीनने "आई गं!" म्हणून मुलीला छातीशी धरलं. मुलगी शांतपणे डोळे मिटून पडली होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आधी जुस्तीनच्या तोंडून हसू फुटलं, मग सासूच्या. पोटाचे टाके ओढायचे म्हणून जुस्तीन हसू नको हसू नको म्हणत होती आणि पुन्हा हसत होती. रेमेतबाय तर जमिनीवर बसूनच, पदराने डोळे पुसत, सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने हसत होती.

या गोष्टीचं तात्पर्य असं: भीती संपल्यावर आनंद करू म्हटलं तर आयुष्य वाट पाहण्यातच संपतं. आशा म्हणजे घाबरत घाबरत का होईना, दार उघडणं. कारण मदत करणारे हात त्याच दाराने आत येतात.